नंदे, शेवट मला सापडला होता

नंदे,

तुला मातीत बसवून आले त्याला आज अकरावा दिवस. औशाहून नांदेडला परतल्यापासून माझी कापडी पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवलीय आणि त्या खोलीत जायचं मी टाळतेय. पिशवीत काय आहे ते तुला ठाऊक होतं, हे मला तुझ्या सुनेकडून कळलं. तेव्हापासून मी भिऊन आहे. ही रात्रीची भीती नव्हे. रात्री मी गोळी घेऊन गाढ झोपते. मला भीती वाटते ती भर दुपारी, दोन-अडीचच्या सुमाराला, ऊन पांढरं पडलं की. ही सवय तूच लावलीस.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक जन्म कुठला, मागं कोण कोण, असं लिहितात. ते तुझा मुलगा पेपरात देईल. मला एवढंच लिहायचंय की मी तुझ्याशी खोटं बोलले. ते निस्तरायला मला तुझ्यापाशी यावं लागणार आहे आणि मला धीर होत नाही.

हे वाचणाऱ्यांना आपली गोष्ट ठाऊक नाही, म्हणून जरा मागून सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. औशातल्या दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं नाव रंगवणं चाललं होतं. जिल्हा आला, पाऊस मात्र आला नाही. माझे बाबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे, आणि मी एसटीनं लातूरच्या कॉलेजात. आमच्या घरात, आमच्या सगळ्या वस्तीत, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हाही ऐटीत सांगायचे आणि आजही सांगते. तू लिंगायत वाण्याची लेक. सातवीनंतर शाळा सुटली आणि आप्पांच्या किराणा दुकानात बसायला लागलीस. माझी आई तुमच्याच दुकानातून मीठ-मिरची न्यायची, ओट्याखाली उभी राहून. मी सोबत असले की तू पुडी माझ्या हातात द्यायचीस, ओट्यावर ठेवायची नाहीस. एवढ्यावरून आपली मैत्री झाली.

पुड्या बांधायला आप्पा लातूरहून रद्दी आणायचे, किलोवर. त्यात वह्या, पेपर आणि कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाच्या कादंबऱ्या. त्यातल्या निम्म्या भुताखेतांच्या. कव्हरं आधीच गेलेली, त्यामुळं नावं कधी कळली नाहीत. आप्पा पुस्तक पालथं घालून मागच्या बाजूनं पानं फाडायचे. पुढून फाडलं की शिवण सुटते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण पुढून वाचत यायचो आणि आप्पा मागून फाडत यायचे. मध्ये कुठंतरी गाठ पडायची आणि गोष्ट तिथंच खलास.

“एखादं पुस्तक लपवून ठेव की,” मी म्हणाले होते.

“वजनावर आणल्यालं हाय ते. आप्पाला गोष्ट कळत न्हाई, वजन बरोबर कळतंय.”

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा आपला. सगळं गाव पितरं जेवू घालायचं. सकाळी डाळ-गुळाला दुकानात गर्दी, आणि दुपारी खीर-वडे खाऊन गाव जे झोपायचं ते चारपर्यंत. तुमचे आप्पा पितरं मानत नव्हते, आमच्या घरी तर दीक्षा घेतल्यापासून ते सगळं बंदच. म्हणजे गावभर मेलेली माणसं जेवायला येऊन राहिली आणि आपल्या दोघींकडं कुणीच येत नाही. मग आपण भुतं वाचायची. आप्पा आडवे झाले की तू पुस्तक पदराखाली घेऊन निघायचीस, आणि तीनच्या आत ते रद्दीच्या थप्पीत परत ठेवायचीस.

बसायचं कुठं, हा प्रश्न तूच सोडवलास. गावची बारव त्या वर्षी तळापर्यंत कोरडी पडली होती. आत गारवा. तू पाच पायऱ्या उतरून वळलीस आणि मी वरच उभी.

“ये की.”

“तुमची बारव हाय ती.”

“पाणी हाय का त्यात? न्हाई ना? मग कशाची बारव? खड्डा हाय खड्डा. उतर.”

उतरले. नंदे, मी पुष्कळ भुतं वाचली तुझ्यापायी, पण त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना जे काळीज उडालं तसं नंतर कुठल्या पानावर उडालं नाही. पाणी असताना आमच्या बायका त्या कठड्यापासून वीस पावलांवर घागरी मांडून, कुणी वाढतंय का बघत, बसलेल्या मी पाहिल्या होत्या. मी खाली वाचायची, आणि माझा एक डोळा सारखा वर. कोण डोकावतंय? तू म्हणायचीस, “शाले, वर काय बघतीस? भूत पुस्तकात हाय.” तुला कसं सांगू, मला ते वरच दिसत होतं.

बाबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “भुतं गावाबाहेर ऱ्हातेत म्हणतेत. आपण बी गावाबाहेरच ऱ्हातो. चाळीस वर्सांत मला तर एक बी शेजारी भेटला न्हाई.” मी हे तुला सांगितलं तर तू हसून हसून भिंतीला टेकलीस. मग म्हणालीस, “तुझ्या बापाला घाबरून आली नसतील.”

त्या कादंबऱ्यांत एक गोष्ट हमखास असायची, पाऊस. कोकणातला बंगला, खाडी, झाडं हलताहेत, दिवा विझतोय, आणि पाऊस कोसळतोय. लेखकानं तो घाबरवायला घातलेला. आपण दोघी दुष्काळातल्या. तू डोळे मिटून म्हणायचीस, “पुन्हा वाच गं ते पागोळ्यांचं.” मी पुन्हा वाचायची. भूत दारात ताटकळत उभं आणि आपण पागोळ्यांवरच अडकलेल्या. एकदा तर तू म्हणालीस, “असा पाऊस पडणार असंल तर मी जाते त्या बंगल्यात ऱ्हायला. भुताचा सैपाक बी करते.”

आणि मग ते पुस्तक आलं.

एक तरुण नर्स खाडीकाठच्या बंगल्यात कामाला येते. तिथं एका बंद दाराआड एक बाई आहे. ती कुणाला दिसत नाही. दारापाशी पाऊल वाजलं की आतून एकच विचारते, “पाऊस थांबला का?” पाऊस तीन महिने थांबलेला नाही, त्यामुळं सगळे “नाही” म्हणतात आणि पुढं जातात. आधी एकानं “हो” म्हटलं होतं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. आपण चार दुपारी वाचत होतो. पाचव्या दुपारी पुस्तकात पाऊस थांबला. नर्स दारापाशी उभी. मी आवाज बारीक करून वाचलं, “पाऊस थांबला का?”

आणि बारवेच्या कोनाड्यातून कुणीतरी तेच म्हटलं.

यावर आपण आयुष्यभर भांडलो. मी म्हणते, पारवे होते. कोनाड्यात पारव्यांची घरटी होती, खाली घुमणारा आवाज, वर माझं वाचन. तू म्हणायचीस, “पारवा प्रश्न इचारतो का?” मी बी.ए. झालेली बाई आहे, भूत नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते ठाऊक असलेलं सगळं माझ्या आधी पळालं आणि मी त्याच्यामागं. तुला खाली टाकून. सगळ्या पायऱ्या मी हातापायांवर चढले. वरून वळून पाहिलं. तू मांडी घालून तशीच बसलेली, कोनाड्याकडं तोंड करून, आणि तुझे ओठ हलत होते. तू काहीतरी उत्तर देत होतीस.

काय म्हणालीस, ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पळाले होते हे बोलावं लागलं असतं.

पळताना पुस्तक माझ्या हातातच राहिलं. मी थेट घर गाठलं आणि संध्याकाळपर्यंत अंगावर गोधडी घेऊन पडून राहिले, त्या उकाड्यात. तीन वाजले, चार वाजले. आप्पांनी रद्दी उचलली आणि त्यांना वजनात कळलं. तू मार खाल्लास. पुस्तक कुणाकडं आहे, हे सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर बारवेचं नाव निघालं असतं, आणि ते निघालं असतं तर माझ्या बाबांना गावात कुणी काय केलं असतं, हे तुला माझ्याइतकंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी ते आईच्या पिशवीतून परत पाठवलं. तुला मारूनही राग निघेना म्हणून की काय, आप्पांनी पहिलं तेच फाडायला घेतलं, मागून, संध्याकाळपर्यंत. नर्स दारात उभी राहिली आणि तिचं उत्तर औशातल्या घरोघरी गेलं.

आपण पुड्या हुडकल्या. तू गिऱ्हाइकांना म्हणायचीस, “काकू, कागद टाकू नका, माघारी आणा.” लोकांना वाटलं, वाण्याची लेक बापापेक्षा चिक्कू निघाली. एक पान सापडलं, आमच्याच घरी, जिऱ्याच्या पुडीचं. त्यावर नुसता पाऊस. तू ते पानही दोनदा वाचून घेतलंस.

शेवट माझ्यामुळं गेला, नंदे. इतक्या वर्षांत एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. मी त्याऐवजी भांडत राहिले. मी म्हणायचे, नर्स खोटं बोलते, “थांबला नाही” म्हणते आणि निसटते, आणि शेवटी कळतं की आत कुणी बाईबिई नव्हती, बंगल्याच्या कारभाऱ्यानं रचलेलं होतं सगळं. तू म्हणायचीस, “न्हाई. ती खरं बोलती आन् आत जाती.”

“कशाला जाईल? वेडी आहे का?”

“एवढ्या दिवसाची ती बाई एकटी बसलीया. कुणीतरी जाया नगं?”

मला नांदेडला कचेरीत नोकरी लागली. तू देवणीला नांदून आलीस, आप्पा थकल्यावर औशाला परत येऊन दुकान चालवलंस. पुड्या गेल्या, कॅरीबॅगा आल्या. पण भाद्रपदात तुझा फोन चुकला नाही. “पितरं बसली. काय भुताचं हाय का?” मी दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून तुला फोनवर वाचून दाखवायचे. कचेरीतल्या बायांना वाटायचं, मी पोथी वाचते. विकत घेतलेल्या त्या पुस्तकांना सगळे शेवट होते. तू म्हणायचीस, “हे लवकरच संपलं गं.”

गेल्या उन्हाळ्यात तुझं दुखणं कळलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी नांदेडात, फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्याच्या गठ्ठ्यात मी एक उघडलं आणि समोर खाडी, बंगला, दाराआडची बाई. पुस्तक आख्खं. मागची पानं बोटाला जाणवली तशी मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. वाचलं.

तू बरोबर होतीस.

नर्स म्हणते, “थांबला.” दार उघडतं. ती आत जाते, मांडी घालून बसते, आणि दार लागतं. मग कितीतरी वर्षांनी कुणाचं तरी पाऊल वाजतं आणि आतून विचारलं जातं, आणि तो आवाज त्या नर्सचा असतो.

मी ते पिशवीत घालून तुझ्याकडं आले. तू पलंगावर, उशांना टेकलेली, मनगटं काड्यांसारखी. सून चहा करायला आत गेली. तू पहिलं हेच विचारलंस.

“सापडलं का गं ते आपलं?”

“न्हाई,” मी म्हणाले. पिशवी माझ्या मांडीवर होती.

इतकं पटकन कसं म्हणाले? मी स्वतःला सांगितलं, आजारी माणसाला असला शेवट वाचून दाखवायचा नसतो, अपशकुन होतो. अपशकुन! मी, माझ्या बाबांची मुलगी. आणि खरं सांगू का, त्यातही निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मला हरायचं नव्हतं. पदवी घेतलेली मी, आणि सातवी झालेल्या वाण्याच्या पोरीला गोष्ट माझ्यापेक्षा जास्त कळली होती, हे तुझ्या तोंडावर म्हणायला माझी जीभ उचलेना.

मग म्हणालीस, “सापडलं तर आणून वाच. मी नसले तरी वाच. आमच्यात आडवं करत न्हाईत, बसवतेत. ऐकायला सोपं.” आणि हसलीस. मीही हसले. चहा प्याले. पुस्तक परत घेऊन आले.

पुढच्या वेळी आले ती तुला न्यायच्या दिवशी.

मी कधी पाहिलं नव्हतं. तुला भस्म लावून, डाव्या तळव्यात इष्टलिंग देऊन, फुलांच्या विमानात, म्हणजे बसवून न्यायच्या तिरडीत, बसवलं होतं. जबड्याला फडकं बांधलेलं. रस्त्याला ठिकठिकाणी खड्डे. प्रत्येक खड्ड्याला तुझी मान होकार दिल्यासारखी हलायची. हाव. हाव. हाव. मी शेजारून चालत होते आणि मला वाटत होतं, तू आजूबाजूच्या सगळ्यांना उत्तरं देत चाललीस. बायका मागं थांबल्या, मी थांबले नाही, पुढं गेले. समाधीच्या खड्ड्यात आतल्या अंगाला एक कोनाडा कोरलेला होता. तुला त्यात बसवलं. मांडी घालून. तोंड आमच्याकडं.

मला वाटतं मी ओरडले. लोक समजले, दुःखानं.

परतताना तुझ्या सुनेनं माझा हात धरला. म्हणाली, “मावशी, तुम्ही गेलात त्या दिवशी मी म्हटलं, मावशींनी वाचायला काहीच आणलं नाही का. तर आई म्हणाल्या, ‘तिच्या पिशवीत हाय ते. पिशवी कशी लोंबत होती बघितलं न्हाईस का. भिऊन राहिली ती. ऱ्हाऊ दे, आणंल तवा आणंल.’”

बापासारखीच निघालीस. वजनावरून ओळखलंस.

मला आता कशाची भीती वाटते, ते नीट सांगते, कारण तुझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. भूत नसतं. माणूस मेला की संपतो, हे मी मानते, कुणापुढंही मानते. पण दुपार झाली की मला दिसतं, तू तिथं बसलेली आहेस आणि वाट बघतेस. रागावलेली नाहीस, हेच भयंकर आहे. रागावली असतीस तर मी भांडले असते. मी न वाचता मेले तर तू बसूनच राहशील, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलंय. आणि वाचलं तर? ते शेवटचं प्रकरण, बाई आत जाते ते, तुझ्यासमोर, मोठ्यानं? वाचता वाचता माझे पाय पुन्हा उठले तर? या वयात मला तेवढं पळताही येणार नाही.

वर मी शेवट लिहून टाकलाय, तेवढ्यावर भागव, असं म्हणून पाहिलं स्वतःशी. भागणार नाही. तुला सारांश कधी चालला नाही. एकदा मी चार पानं गाळून “मग ती वर गेली” म्हटलं तर तू म्हणालीस, “कशी गेली? पायऱ्या किती हुत्या?”

आज सकाळी पिशवी पलंगाखालून ओढून काढली. पुस्तक बाहेर घेतलं. चष्मा पुसला. घरी कुणी नव्हतं, तर मोठ्यानं एक पान वाचून पाहिलं. आवाज थरथरतोय, पण निघतोय.

उद्या सकाळच्या गाडीनं निघते. अडीचला तुझ्यापाशी असेन, आपल्याच वेळेला. छत्री आणीन, ऊन फार आहे. पहिल्यापासून वाचणार, पाऊस दोनदा वाचणार, शेवट जसाच्या तसा वाचणार. आणि तू बरोबर होतीस, हे आधी म्हणणार.

मी पळणार नाही. फक्त एवढं कर नंदे, ऐकू येत असलं तरी मला कळू देऊ नकोस.

तुझी,
शालू